घरचे वाय-फाय रुसते तेव्हा

बँकेत असताना तेरीज जुळली नाही की आमचे एक ज्येष्ठ व्यवस्थापक म्हणत, "सगळी वही पुन्हा लिहू नका. फरक कोणत्या पानावर शिरला, तेवढे शोधा." निवृत्तीनंतर हा उपदेश मला मोबाइलच्या बाबतीत उपयोगी पडला, मात्र थोडा उशिरा आठवला.

त्या दिवशी महिन्याची वीस तारीख, म्हणजे मासिक जीएसटी विवरणपत्राचा अखेरचा दिवस होता. धाकट्या बंधूंनी दुकानातून आकडे तपासणीसाठी पाठविले होते आणि माझा मोबाइल घरच्या वाय-फायला जोडला जाईना. आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींमुळे आत मोबाइलचे नेटवर्क यथातथाच. घाईघाईने सौभाग्यवतींच्या मोबाइलवर सेवा केंद्राचा क्रमांक शोधला आणि जो पहिला दिसला, तो फिरविला. पलीकडील गृहस्थ अत्यंत गोड बोलत होते. "एक अॅप घ्या, म्हणजे तुमचा पडदा मला इथून दिसेल. नोंदणीचे दहा रुपये भरा, लगेच दुरुस्त करतो."

तेव्हा मी भानावर आलो. पडदा दिसणे म्हणजे ओटीपी दिसणे. आणि दहा रुपये भरताना टाइप केलेला पिनही त्याच्या नजरेखालून जाणार. ज्या सावधगिरीवर मी ग्राहकांना वर्षानुवर्षे उपदेश केला, तीच विसरत होतो. फोन बंद केला, कागद-पेन्सिल घेतली आणि फरक शोधू लागलो.

दोष कोणाकडे?

पहिला प्रश्न हा, की घरातील इतर उपकरणे चालू आहेत का? सौभाग्यवतींचा मोबाइल त्याच वाय-फायवर चालू होता. मी त्यावरच क्रमांक शोधला होता! म्हणजे दोष माझ्याच मोबाइलमध्ये होता.

सगळीच उपकरणे बंद असतील, तर मोबाइलशी खटपट करणे व्यर्थ. फायबरची जोडणी असल्यास राउटरवर 'एलओएस' अक्षरांचा दिवा पाहावा. तो लाल असेल, तर तारेतून येणारा प्रकाशसंकेतच घरापर्यंत पोहोचत नाही. कंपनीकडे तक्रार हाच उपाय. लाल दिवा नसेल, तर राउटरचा वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावा व दोन-तीन मिनिटे थांबावे. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील 'रीसेट'चे बटण मात्र दाबू नये. त्याने कंपनीच्या माणसाने भरलेली सर्व माहिती पुसली जाते.

मोबाइल काय सांगतो?

दोष एकाच मोबाइलमध्ये असेल, तर प्रथम फ्लाइट मोड चुकून चालू नाही ना, ते पाहावे. मग वाय-फायच्या नावाखाली आलेले वाक्य नीट वाचावे. बँकेने धनादेश परत करताना जोडलेल्या चिठ्ठीसारखे ते असते. कारण त्यातच लिहिलेले असते.

'आयपी पत्ता मिळवत आहे' येथेच गाडी अडली, तर राउटरकडून क्रमांक मिळालेला नाही असे समजावे. बँकेत टोकन मिळाल्याशिवाय खिडकीवर काम होत नाही, तसेच हे. मोबाइल व राउटर दोन्ही बंद करून सुरू करावेत.

'जोडले आहे, पण इंटरनेट नाही' असे दिसल्यास व्हीपीएन चालू आहे का पाहावे. मोबाइलची तारीखही तपासावी. पुढच्या तारखेचा धनादेश जसा वटत नाही, तशी तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख-वेळ 'आपोआप' ठेवणेच बरे.

वाय-फायचे नावच दिसत नसेल, तर राउटरजवळ जाऊन पाहावे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकते, २.४ गिगाहर्ट्झची लहर अधिक दूर पोहोचते. काही जुन्या मोबाइलना तर ५ ची लहर ओळखताच येत नाही.

माझ्या मोबाइलवर मात्र पासवर्ड चुकल्याचा संदेश होता. नातवाला विचारले, तेव्हा उलगडा झाला. "आजोबा, मी पासवर्ड परवाच बदलला. तुम्हाला सांगायचं राहिलं!" माझा मोबाइल निष्ठेने जुनाच पासवर्ड सांगत होता. हिशेबाच्या वहीत खाडाखोड वर्ज्य. येथे मात्र जुनी नोंद पुसणे हेच औषध. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावावर जाऊन 'फरगेट', म्हणजे 'विसरा' निवडले आणि इंग्रजी लहान-मोठी अक्षरे सांभाळून नवा पासवर्ड भरला. क्षणात जोडणी झाली. विवरणपत्र मुदतीत गेले.

अखेरचा उपाय आणि खबरदारी

एवढ्यानेही भागले नाही, तर 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट' करावे. त्याने साठविलेले वाय-फाय पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या जातात. छायाचित्रे व संपर्क सुरक्षित राहतात. 'फॅक्टरी रीसेट' हा निराळा प्रकार आहे; त्यात मोबाइल संपूर्ण कोरा होतो. घाईत दोहोंची गल्लत करू नये.

सेवा केंद्राचा क्रमांक कंपनीच्या बिलावरून किंवा तिच्या स्वतःच्या अॅपमधूनच घ्यावा. दुर्दैवाने पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर व आपल्या बँकेला कळवावे.

आता आमच्या कपाटातील वहीच्या पहिल्या पानावर वाय-फायचे नाव, पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि बिलावरील दूरध्वनी क्रमांक लिहिलेले आहेत. त्याखाली नातवाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : "पासवर्ड बदलल्यास आजोबांना सांगणे."