अपेक्षित आउटपुट आपोआप बदलतं तेव्हा

आता आपण टेस्टमधल्या अपेक्षित आउटपुटकडे वळू. रस्ट भाषेच्या कंपायलरचं उदाहरण घ्या. चुकीचा प्रोग्राम दिला की कंपायलरने कोणता एरर मेसेज छापायला हवा, तो एका फाइलमध्ये साठवलेला असतो. टेस्ट चालली की नवा मेसेज त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

समजा, आपण मेसेजमधला एकच शब्द सुधारला. तो मेसेज जिथे जिथे येतो, त्या सगळ्या टेस्ट एकदम फेल! इतक्या फाइली हाताने कोण बदलत बसणार? म्हणून टेस्टच्या कमांडला 'ब्लेस' हा पर्याय आहे. तो दिला की नवं आउटपुट त्या फाइलींमध्ये आपोआप लिहिलं जातं.

मेख इथेच आहे. टेस्ट फेल झाली, म्हणजे एकतर अपेक्षा जुनी झाली, नाहीतर कोड बिघडला. यातलं नेमकं काय घडलं, हे कमांडला कळत नाही. एखाद्या फाइलमध्ये एररची खूण ओळीतल्या भलत्याच शब्दाखाली गेली असेल, तर तीही 'बरोबर' म्हणून नोंदली जाते. आणि पुढे टेस्टच त्या चुकीची राखण करत बसते.

म्हणून कमिट करण्याआधी गिटमधला डिफ फाइलगणिक वाचायचा. आपण केलेल्या बदलापलीकडे एक जरी ओळ हललेली दिसली, तर तिथे थांबायचं आणि कारण शोधायचं.