फजितीचे ताम्रपट

राज्ये बुडाल्याची नोंद बखरकार ठेवतात आणि मुलूख जप्त झाल्याची नोंद सरकारी दफ्तरांत सापडते. परंतु एखादा प्रतिष्ठित गृहस्थ भर रस्त्यात पाय घसरून आपटला, मेजवानीत कोणा बाईसाहेबांच्या रेशमी झग्यावर रस्सा सांडला, किंवा नाचाच्या ऐन मध्यावर एखाद्या सरदारपुत्राचा केसांचा टोप निसटला, तर त्याची दखल घेणारे दफ्तर सहसा कोठे आढळत नाही. असे एक दफ्तर लंडन शहरात सुमारे १७७० पासून १८३० पर्यंत, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या जॉर्ज राजांच्या अमदानीत, तांब्याच्या पत्र्यांवर अम्लाच्या साहाय्याने कोरले गेले. या काळातील राजकीय व्यंगचित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ठेंगू नेपोलियन, काटकुळा प्रधानमंत्री पिट आणि ढेरपोट्या युवराज ही त्यांतील पात्रे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतही शिरली आहेत. त्याच दुकानांत, त्याच हातांनी निर्माण झालेली लौकिक फजितीची चित्रे मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली. वस्तुतः दोन-अडीचशे वर्षांनंतर टिपणांची कुबडी न घेता हसविण्याचे सामर्थ्य त्यांच्यातच अधिक उरले आहे.

त्या धंद्याचा सरंजाम आधी पाहिला पाहिजे. सेंट जेम्स स्ट्रीटवरील २७ क्रमांकाच्या घरात हॅना हम्फ्री नावाची अविवाहित बाई चित्रांचे दुकान चालवीत असे, आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर जेम्स गिलरे हा त्या युगातील सर्वांत तिखट खोदकार राहत असे. पिकॅडिलीवर फोर्सचे दुकान होते. तेथे व्यंगचित्रांच्या मोठ्या चोपड्या एका संध्याकाळपुरत्या भाड्याने मिळत, म्हणजे घरी पाहुणे जमले की संभाषण आटण्यापूर्वीच चोपडी उघडता येई. शिवाय एक शिलिंग मोजल्यास डेन्मार्कमध्ये शिरच्छेद झालेल्या काउंट स्ट्रुएन्सेचे म्हणून दाखविले जाणारे मस्तक व हात पाहण्याचीही सोय होती. स्ट्रँडवर रूडॉल्फ आकरमन या जर्मन गृहस्थाचे अधिक शालीन भांडार होते, आणि चीपसाइडला टॉमस टेग स्वस्त माल विके. रंगविलेल्या चित्राला शिलिंग-दोन शिलिंग पडत. मजुराच्या दिवसाच्या कमाईशी ती रक्कम ताडून पाहिली की ही चित्रे कोणाच्या दिवाणखान्यासाठी होती, हे सांगावे लागत नाही. ज्याच्या खिशात शिलिंग नसे तो दुकानाच्या काचेसमोर उभा राहून फुकट हसे, आणि हसणाऱ्यांची ही गर्दी दुकानाची आपोआप जाहिरात करी.

त्या काचेसमोरच त्या काळातील फजितीचे सर्वोत्कृष्ट चित्र घडते. फेब्रुवारी १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिलरेच्या ‘व्हेरी स्लिपी वेदर’ या चित्रात हम्फ्रीच्या दुकानापुढील निसरड्या फरसबंदीवर एक वृद्ध गृहस्थ सपशेल आपटला आहे. डोक्यावरचे सर्व वैभव ढळले आहे, खिशातील जिनसा विखुरल्या आहेत, पण हातातला उष्णतामापक मात्र त्याने असा सांभाळून धरला आहे, की थंडी किती अंशांची होती याची अचूक साक्ष पडल्यानंतरही देता यावी. त्याच्या मागे पाचसहा मंडळी पाठ करून उभी आहेत. ती दुकानात टांगलेली व्यंगचित्रे पाहण्यात दंग असून ती व्यंगचित्रे खुद्द गिलरेचीच आहेत. खरा मनुष्य पाठीमागे आपटतो आहे आणि जनता कागदावरच्या माणसांना हसते आहे, हा टोला गिलरेने कोणाला मारला, प्रेक्षकाला की स्वतःच्या धंद्याला, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. चित्राची कल्पना जॉन स्नेड या धर्मोपदेशकाची होती. असे हौशी लोक आपली कच्ची रेखाटने दुकानात आणून देत, आणि कसबी खोदकार त्यांना रूप देत. हॅरी बन्बरी या उमराव घराण्यातील गृहस्थाने तर १७८७ साली बाथ येथील मिन्युएट नृत्याची सुमारे सात फूट लांबीची पट्टी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात नमस्कारापासून निरोपापर्यंत नर्तकांचे जे जे अवघडलेपण दाखविले त्यात एकही मनुष्य पडत नाही, तरी प्रत्येकजण पडण्याच्या बेतात असतो.

खोदकामाची रीत थोडक्यात सांगता येईल. तांब्याचा पत्रा तापवून त्यावर मेणमिश्रित रोगणाचा थर द्यावयाचा, सुईने त्या थरावर चित्र ओरखडावयाचे, पत्रा अम्लात बुडवावयाचा; जेथे तांबे उघडे पडले तेथे अम्ल खाते आणि त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबाने ठसा घेतात. चित्र उलटे उमटत असल्याने मथळा, संवाद, दुकानांच्या पाट्या, सर्व अक्षरे उलटीच कोरावी लागत. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हातांनी भरला जाई, आणि ते हात बहुधा अल्प वेतनावर राबणाऱ्या स्त्रियांचे व मुलांचे असत. या रीतीचे मोठे वैशिष्ट्य तिची त्वरा. सोमवारी घडलेली गोष्ट आठवडा संपण्यापूर्वी काचेत टांगता येई. म्हणून या चित्रांना तैलचित्रांचे गांभीर्य नाही, तर ओसरीवरच्या गप्पांची गती आहे.

आता या फजितीचे स्वरूप काय, हा खरा प्रश्न. अर्धशतकापूर्वीच्या विल्यम होगार्थच्या चित्रमालिकांतही माणसे पडतात, परंतु ती आपल्या पापाने पडतात. १७३५ च्या मालिकेतील उधळ्या तरुण वारशाच्या पैशाचा नाश करून अखेर वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पोहोचतो, आणि पाहणाऱ्याने त्यापासून धडा घ्यावा अशी होगार्थची अपेक्षा आहे. गिलरे व त्याचा समकालीन चित्रकार टॉमस रोलँडसन यांच्या पिढीत घसरणारा मनुष्य निरपराध आहे. बर्फावर पाय ठेवणे हे पाप नव्हे, आणि पाहुण्यांच्या समोर बायकोचा कर्कश गळा ऐकावा लागणे हा कोणत्याही धर्मशास्त्रात दंड सांगितलेला नाही. मग हसू कशाचे येते? माझ्या मते, फजिती होण्यास आधी इभ्रत लागते. ज्याच्यापाशी सांभाळण्यासारखे काही नाही त्याचे पडणे हा केवळ अपघात. ज्याने नुकतेच मोठ्या कष्टाने झुकून नमस्कार करणे, पत्ते खेळणे, चहा ओतणे आणि फ्रेंच शब्द पेरणे शिकून घेतले आहे त्याचे पडणे ही फजिती. व्यापाराने व युद्धाच्या ठेकेदारीने इंग्लंडात पैसा आलेल्या नव्या घराण्यांची संख्या त्या काळी वाढत होती, आणि त्या घराण्यांच्या पोटातली धास्ती या ताम्रपटांवर कोरली गेली आहे. गिलरेच्या १८०९ च्या एका चित्रात शेतकरी जाइल्स व त्याची पत्नी शाळेतून परतलेल्या आपल्या कन्येचे वाद्यवादन शेजाऱ्यांना ऐकवीत आहेत. आईबापांचा अभिमान, कन्येचा आत्मविश्वास आणि शेजाऱ्यांची निमूट सहनशीलता हे तिन्ही भाव इतक्या नेमक्या ठिकाणी बसले आहेत, की हे चित्र इंग्लंडातले आहे याचे क्षणभर विस्मरण व्हावे.

त्याच गिलरेची १८०५ मधील जोडचित्रे अधिक निष्ठुर आहेत. पहिल्यात वाग्दत्त वधूवर एकाच पुस्तकातून गात आहेत. दुसऱ्यात विवाहानंतरच्या संसारातील एक सकाळ असून पत्नी वाद्यावर बसून पूर्ण आवाजात गाते आहे, दाईच्या कडेवर मूल रडते आहे, आणि पतिराज पाठ फिरवून छापील मजकुरात तोंड खुपसून बसले आहेत.

तथापि किरकोळ दुःखांचे रीतसर शास्त्र बनविण्याचे श्रेय चित्रकाराला नाही, एका धार्मिक विद्वानाला आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील जेम्स बेरेसफर्ड याने १८०६ साली ‘द मिझरीज ऑफ ह्यूमन लाइफ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात टेस्टी व सेन्सिटिव्ह नावाचे दोन गृहस्थ एकमेकांना आपापल्या हालअपेष्टा सांगून कण्हण्याची जणू स्पर्धा लावतात. या हालअपेष्टा म्हणजे दुष्काळ वा वियोग नव्हेत, तर प्रवास, भोजन, खेळ, वाचन यांतील क्षुल्लक छळ. ज्या वर्षी नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी करण्याचे फर्मान बर्लिनहून काढले, त्याच वर्षी या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या, यावरून मोठ्या संकटात मनुष्याला लहान संकटांचे केवढे अगत्य वाटते ते दिसते. टॉमस रोलँडसनने लगोलग ती दुःखे चित्रांत उतरविली आणि आकरमनने ती प्रकाशात आणली. मेजवानीला आधीच उशीर झाला असता गाड्यांच्या खोळंब्यात अडकून पडणे, हे त्यांतील एक दुःख. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

रोलँडसन हा या लेखाचा माझ्या दृष्टीने खरा नायक. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याचा हा मुलगा रॉयल अकॅडमीत शिकला, वारशाने मिळालेला पैसा त्याने जुगारात घालविला अशी त्याची ख्याती आहे, आणि पुढे पोटासाठी त्याने अगणित चित्रे काढली. गिलरेपाशी बुद्धीची धार आहे, परंतु रोलँडसनपाशी रेषा आहे. लपेटदार, खेळकर, थुलथुलीत देहालाही लय देणारी ही रेषा माणसाला पाडतानासुद्धा त्याचा द्वेष करीत नाही. १७९८ च्या ‘कम्फर्ट्स ऑफ बाथ’ या मालिकेत संधिवाताने गांजलेले सुखवस्तू रुग्ण औषधी पाण्याच्या निमित्ताने खातात, पितात, ऐकतात, नाचतात, आणि पुनः आजारी पडतात. या चक्रात उपहास आहे, पण सहवासाचा जिव्हाळाही आहे.

मात्र त्याच्या सर्वच हास्याला मी दाद देणार नाही. सुमारे १८११ च्या ‘एक्झिबिशन स्टेअर केस’ या प्रसिद्ध चित्रात सॉमरसेट हाउसच्या वळणदार, अवघड जिन्यावरून रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनास आलेली मंडळी एकमेकांवर कोसळत आहेत. जिना खरोखरच अवघड होता आणि वास्तुकार चेंबर्सला मारलेला टोमणा रास्त आहे. परंतु कोसळणाऱ्या स्त्रियांचे कपडे वर जावेत आणि खाली उभ्या पुरुषांनी चष्मे लावून ते पाहावे, यासाठीच रचना केली आहे, आणि कलाप्रेमी कशासाठी जमतात हे दाखविण्याचे निमित्त करून चित्रकाराने गिऱ्हाइकालाही त्याच रांगेत फुकट जागा दिली आहे. वृद्ध स्त्रिया, कृष्णवर्णीय नोकर, स्थूल माणसे यांना हसण्याची मुभा तो काळ सहज देई. ही चित्रे पाहताना तो हिशेब डोळ्यांआड करणे म्हणजे अर्धेच दफ्तर वाचणे होय.

फ्रान्समध्ये हीच कला निराळ्या वाटेने आली. तेथे १८३२ साली लुई-फिलिप राजाला अजस्र खादाड राक्षस करून दाखविल्याबद्दल चित्रकार ओनोरे दोमिए कैदेत गेला, आणि १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर पूर्वतपासणीचा जुलूम बसल्यावर त्याला शहरातील सामान्य गृहस्थाकडे वळावे लागले. त्याच्या शिळाछाप चित्रांतील भाडेकरू, वकील, नदीवर स्नानाला गेलेले लठ्ठ बाबू हे सर्व त्या सक्तीचे अपत्य. लंडनच्या खोदकारावर असा हुकूम कधी सुटला नाही. तेथे सरकार दाम मोजून काम साधी. व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने १८२० मध्ये शंभर पौंड स्वीकारून राजाचे चारित्र्य चव्हाट्यावर न मांडण्याचा जणू मुचलकाच लिहून दिला. त्याची दिवाणखान्यातील चेंगराचेंगरी व डोकेदुखीची १८१८-१९ मधील चित्रे ही या परंपरेची शेवटची झगमग. पुढे शिळाछाप व लाकडी ठसे आले, १८४१ साली ‘पंच’ हे साप्ताहिक निघाले, सुटे चित्र साप्ताहिकाच्या पानात गेले आणि हसणे कुटुंबवत्सल झाले.

आपल्या बाजूला हा प्रवाह लवकर पोहोचला. १८१६ साली टेगने प्रसिद्ध केलेल्या, कंपनीच्या नोकरीत आलेल्या नवशिक्या इंग्रजाच्या पद्यमय कथेला रोलँडसनची चित्रे आहेत आणि त्यांत एक दृश्य मुंबईच्या खानावळीतले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतच ‘पारसी पंच’ आणि त्याचा वारस ‘हिंदी पंच’ यांनी चित्रमय थट्टेची पेठ उघडली. मराठीत मात्र लौकिक फजितीला खरे घर मिळाले ते दिवाळी अंकांत. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या प्रथेत शि. द. फडणीसांची ‘मोहिनी’वरील शब्दविरहित मुखपृष्ठे आली, आणि कोणाच्याही देहाची वा जातीची टवाळी न करता, नुसत्या कपड्यावरच्या नक्षीतून, छत्रीतून, रांगेतून हसविता येते हे सिद्ध झाले. या एका बाबतीत फडणीसांचा दर्जा मी रोलँडसनच्या वर मानतो.

परंतु जतनाच्या बाबतीत आपण फार मागे आहोत. ब्रिटिश म्यूझियममधील या चित्रांची सूची डोरोथी जॉर्ज या विदुषीने १९३५ ते १९५४ या काळात सात खंडांत पुरी केली. पूर्वीच्या खंडांसह तिचे क्रमांक सतरा हजारांवर जातात, आणि प्रत्येक नोंदीत चित्रातील माणसे, वस्तू, अक्षरे यांचे वर्णन आहे. आपल्या दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांची अशी समग्र नोंदवही झाली पाहिजे. ज्या वाचकांच्या माळ्यावर जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी अंकाचे नाव, वर्ष, पृष्ठ आणि चित्रकाराची सही एवढे तरी टिपून ठेवावे, आणि जमल्यास तो अंक जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावा.