व्हिडिओ संकलनासाठी बाह्य साठवण

बाह्य साठवण म्हणजे संगणकाच्या आत न बसवता केबलने जोडली जाणारी, डेटा साठवून ठेवणारी साधने होत. लॅपटॉपवर व्हिडिओ संकलन करणाऱ्यांना त्यांची गरज लवकर भासते. स्वस्त लॅपटॉपमधील अंतर्गत साठवण बहुधा २५६ किंवा ५१२ गिगाबाइट (जीबी) एवढीच असते आणि अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती मुख्य पटलावरच पक्की बसवलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही. प्रचलित साधने दोन प्रकारची आहेत: फिरत्या चुंबकीय तबकड्यांची हार्ड डिस्क आणि फ्लॅश मेमरीवर चालणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह (एसएसडी). समान क्षमतेची एसएसडी बरीच महाग पडते. त्यामुळे मर्यादित खर्चात कोणते काम कोणत्या साधनावर करायचे, हाच निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो.

डेटा दर

किती वेगाचे साधन लागेल हे चित्रीकरणाच्या डेटा दरावरून ठरते. कॅमेऱ्याचा दर प्रतिसेकंद मेगाबिटमध्ये, तर ड्राइव्हचा वेग प्रतिसेकंद मेगाबाइटमध्ये (एमबी) सांगितला जातो. ८ बिट मिळून १ बाइट होतो, हे विसरल्यास गरजेचा अंदाज आठपट चुकतो. अनेक कॅमेरे ४के चित्रीकरण सुमारे १०० मेगाबिट दराने नोंदवतात. हा दर सेकंदाला अवघा १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी होतो. साध्या हार्ड डिस्कलाही तो सहज पेलतो. असे चित्रण संकलनात अडखळत असेल, तर कारण बहुधा साठवणीत नसून एच.२६५ सारखे दाट संक्षेपण उलगडताना प्रोसेसरवर पडणाऱ्या भारात असते. महागडी एसएसडी घेऊन ते दूर होत नाही.

संकलनासाठी वापरल्या जाणाऱ्या कमी संक्षेपित स्वरूपांची गोष्ट निराळी आहे. ॲपलच्या प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपाचा दर ३८४०×२१६० आकारमानात, भारतात रूढ असलेल्या सेकंदाला २५ चौकटींच्या गतीने, सुमारे ७३७ मेगाबिट आहे. तो सेकंदाला ९२ एमबी आणि तासाला सुमारे ३३० जीबी इतका भरतो. २.५ इंची हार्ड डिस्कचा वेग तबकडीच्या बाहेरील कडेस साधारणतः १०० ते १४० एमबी असतो व आतील कडेकडे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून डिस्क भरत जाते तशी ती मंदावते. दोन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी पाहायचे असल्यास वाचकशीर्षाला सतत इकडून तिकडे जावे लागते आणि हिशेब आणखी बिघडतो.

यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती तयार करून संकलन त्यांवर केले जाते आणि अंतिम फाइल बनवताना मूळ चित्रण पुन्हा जोडले जाते. १९२०×१०८० आकारातील प्रोरेस प्रॉक्सीचा दर २५ चौकटींना सुमारे ३८ मेगाबिट आहे. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो व फायनल कट प्रो या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

पोर्ट आणि केबल

यूएसबी ३.० (२००८) चा कमाल दर ५ गिगाबिट आहे. याच दराला पुढे ‘३.१ जनरेशन १’ व ‘३.२ जनरेशन १’ अशी नावे दिली गेली, त्यामुळे खोक्यावरील आकडा मोठा म्हणून वेग अधिक असेलच असे नाही. हार्ड डिस्क हा दरही पूर्ण वापरू शकत नाही. एनव्हीएमई प्रकारच्या बाह्य एसएसडीसाठी १० गिगाबिटचे पोर्ट उपयोगी पडते व प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १,००० एमबी वेग मिळतो. २० गिगाबिटची ‘जनरेशन २×२’ पद्धत मात्र पुष्कळ लॅपटॉपमध्ये नसते. तेथे असा ड्राइव्ह १० गिगाबिटनेच चालतो आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

टाइप-सी हा केवळ जोडणीचा आकार आहे, वेग नव्हे. मोबाइल चार्ज करण्याच्या अनेक टाइप-सी केबल यूएसबी २.० च्या असतात. त्यांवर सर्वात वेगवान एसएसडीदेखील सेकंदाला ४० एमबीच्या आसपास अडकते.

अखंड लेखनाचा वेग

जाहिरातीतील वेग थोड्या वेळापुरता असतो. स्वस्त एसएसडी आधी एका वेगवान राखीव भागात लिहितात. तो भरला की, विशेषतः प्रत्येक पेशीत ४ बिट साठवणाऱ्या क्यूएलसी प्रकारात, वेग एकाएकी खाली येतो. ३ बिटांच्या टीएलसी प्रकारात ही घसरण कमी असते. हार्ड डिस्कमध्ये असाच परिणाम एसएमआर पद्धतीमुळे होतो. तीत चुंबकीय मार्ग कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असल्याने एक मार्ग बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. ही पद्धत वापरल्याचे उत्पादक नेहमी सांगत नसत. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेवरून यासंबंधी मोठा वाद झाला होता. जुने काम जतन करण्यास अशा डिस्क चालतात, त्यांवर थेट संकलन करणे त्रासाचे ठरते.

प्रतींचा खर्च

साठवणीच्या किमतीत दुसऱ्या प्रतीची किंमत धरली नाही, तर स्वस्त वाटणारी निवड महागात पडते. लग्नाचे किंवा मुलाखतीचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या ‘३-२-१’ नियमानुसार डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतांश फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही सदोष निघाला. निर्मितीशी संबंधित गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे चित्रपट वाचला.

यामुळे एका मोठ्या एसएसडीपेक्षा चालू कामापुरती लहान एसएसडी आणि संग्रहासाठी दोन हार्ड डिस्क ही विभागणी अधिक सुरक्षित असते. कॅमेऱ्याचे कार्ड दोन ठिकाणी प्रत उतरून ती तपासल्यावरच पुसले जाते. वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी योग्य मानली जात नाही, कारण पेशींतील विद्युतभार हळूहळू झिरपतो.

फाइल प्रणाली

विंडोजची एनटीएफएस प्रणाली मॅकओएसवर वाचता येते, पण मूळ सोयीने तीत लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते; मात्र तिच्यात बदलांची नोंदवही (जर्नल) नसल्याने काम चालू असताना केबल निघाल्यास फाइली बिघडण्याचा धोका अधिक असतो. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

बनावट क्षमता

ऑनलाइन बाजारात अविश्वसनीय कमी किमतीला ‘१६ टेराबाइट’च्या एसएसडी विकल्या जातात. अशा काही वस्तूंच्या आत लहान मेमरी कार्ड आढळले आहे. त्यांतील नियंत्रक संगणकाला खोटी क्षमता कळवतो आणि खरी जागा संपल्यावर नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा नाहीसा होतो. एच२टेस्टडब्ल्यू (विंडोज) व एफ३ (लिनक्स, मॅकओएस) ही मोफत साधने संपूर्ण ड्राइव्ह भरून व परत वाचून खरी क्षमता दाखवतात. ही चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच करावी लागते. १ टेराबाइटचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, ती मात्र फसवणूक नव्हे: उत्पादक दशमान एकक वापरतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते.