उपप्रश्नाची ताकद

१९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. दुष्काळाने देश होरपळत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर जास्त आहेत, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला. मणाला अडीच रुपयांवरून १९०७ पर्यंत एक रुपयावर आला.

तेव्हा सभासदांच्या हाती होते तरी काय? १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलायची आणि प्रश्न विचारायची मुभा दिली, पण मतदान नाही आणि उत्तरावर पुढचा प्रश्न, म्हणजे उपप्रश्नही नाही. उत्तर मिळाले की विषय संपला. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये मिळाला, तर सर्व सभासदांना १९१९ च्या कायद्याने.

मला हा बदल फार मोठा वाटतो. पहिले उत्तर खात्याचे अधिकारी आधी लिहून देतात. रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त आहेत का? 'होय, भरतीची कार्यवाही सुरू आहे.' पण 'जाहिरात कधी निघाली?' हे पुढे विचारले, की मंत्र्यांना स्वतः माहिती असावी लागते.

आज तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते, म्हणून उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित प्रश्न असतात. प्रश्नोत्तराच्या तासात ज्यांची पाळी येत नाही, त्यांची उत्तरे लेखीच पटलावर जातात. गदारोळात हा तास वाहून जातो तेव्हा म्हणूनच जीव तुटतो.