चालू म्हणजे पुरे

तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. मराठीत ‘चालू’ म्हणजे सुरू. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडच्या एखाद्या घरात तेलंगणातले सोयरे पंगतीला बसले, की या एका शब्दाने ताट ओसंडू शकतं. पाहुणा हात आडवा धरून ‘चालु, चालु’ म्हणतो. वाढणारी सून घरात नवी असेल, तर तिला वाटतं की वाढत राहा म्हणतायत, आणि वरणाची दुसरी पळी भातावर पडते. ‘पालु’चं तसंच. तेलुगूत पालु म्हणजे दूध. पण मराठी घरात कुणी ‘पालु’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याची नजर आधी भिंतीवर जाते.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मध्ये उमरीचं स्टेशन लागतं. धर्माबादच्या पुढे गाडी राज्याची हद्द ओलांडते आणि बासरला स्टेशनच्या पाटीवर तेलुगू अक्षरं दिसू लागतात. बासर हे गोदाकाठचं सरस्वतीचं ठाणं. पहिलं अक्षर गिरवून घेण्यासाठी मराठवाड्यातूनही लेकरांना तिथे नेतात. या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकमेकींच्या घरात न विचारता ये-जा करतात. दखनीतलं ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आलं. होकाराचा ‘हौ’ कुणी कुणाचा घेतला, हे बाजारात उभं राहून सांगता येणार नाही. त्यात १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता, आणि दरबाराची, कचेरीची, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. घरात मराठी, शेजारी तेलुगू, तहसिलीत उर्दू आणि संस्थान विलीन झाल्यावर इंग्रजी, अशा चार भाषांतून एकाच माणसाला आयुष्य काढावं लागलं.

असा माणूस लंडनच्या एका वर्गात नेऊन बसवला, तर त्याला परकं वाटणार नाही. तो वर्ग म्हणजे ‘माइंड युअर लँग्वेज’.

व्हिन्स पॉवेल यांनी लिहिलेली ही मालिका लंडन वीकेंड टेलिव्हिजनने काढली आणि १९७७च्या डिसेंबरअखेर ती आयटीव्हीवर सुरू झाली. १९७९पर्यंत तिच्या तीन फेऱ्या झाल्या, भाग २९. मांडणी अगदी साधी. प्रौढांची संध्याकाळची शाळा, त्यात परदेशातून आलेल्यांना इंग्रजी शिकवणारा वर्ग, आणि शिकवायला जेरेमी ब्राऊन नावाचा सज्जन, जरा भिडस्त तरुण. हे काम बॅरी इव्हान्स यांनी केलं. मुख्याध्यापिका मिस कोर्टनी यांना मुळात पुरुष शिक्षक नकोच होता, त्यामुळे दार उघडून त्या आत डोकावल्या की ब्राऊन सरांच्या पोटात गोळा. बाकांवर एक इटालियन खानसामा, एक ग्रीक, एक जर्मन बाई, एक फ्रेंच तरुणी, प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ओ’ लावणारा जपानी, माओच्या लाल पुस्तकाशिवाय न बोलणारी चिनी मुलगी. पाकिस्तानचा अली नदीम आणि पंजाबचा रणजीत सिंग शेजारी बसतात आणि रोज भांडतात. भारतातून आलेली जमिला विणकाम करत असते. पहिल्या तासाला तिला इंग्रजी जवळजवळ येतच नाही.

इंग्रजीत या प्रकाराला ‘सिच्युएशन कॉमेडी’, म्हणजे सिटकॉम म्हणतात. अर्ध्या तासाचा खेळ, ठरलेली एक-दोन ठिकाणं, आणि इच्छा असली तरी तिथून उठून जाता येत नाही अशी माणसं. चित्रण बहुधा स्टुडिओत, समोर खरे प्रेक्षक बसवून होई, म्हणून त्या हशाला नाटकाच्या थिएटरातली ऊब असते. ब्रिटिशांनी या साच्यात एक संयम पाळला. त्यांच्याकडे एका फेरीत साधारण सहा-सात भाग, आणि ते लिहायला एक किंवा दोन माणसं. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग आहेत. बारा भागांवर ती मालिका पन्नास वर्षं टिकली. रोज रात्री एक भाग द्यायची सक्ती असलेल्या आजच्या मराठी लेखकाने या आकड्याचा हेवा करावा.

‘फॉल्टी टॉवर्स’मध्येही भाषेचा घोळ मोठा आहे. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातलं हॉटेल, तापट मालक बेसिल आणि बार्सिलोनाहून आलेला, जेमतेम इंग्रजी येणारा वेटर मॅन्युएल. मॅन्युएल झालेले अँड्र्यू सॅक्स जन्माने बर्लिनचे. स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना तिथल्या लोकांना आपला माणूस असा दिसणं रुचणार नाही म्हणून मॅन्युएलला चक्क इटालियन करून टाकलं. ‘अलो अलो’ने आणखी पुढची उडी घेतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधलं कॅफे, पात्रं फ्रेंच, जर्मन आणि इंग्रज, पण संवाद सगळे इंग्रजीत. कोण कुठली भाषा बोलतोय हे फक्त हेलावरून ओळखायचं. फ्रेंच पोलिसाच्या वेषातला इंग्रज हेर इतकं वाईट फ्रेंच बोलतो, की ते दाखवायला त्याच्या तोंडी सगळे स्वर वाकडे झालेलं इंग्रजी दिलंय. मराठीत हे करायचं तर मालवणी, वऱ्हाडी आणि नांदेडी अशा तीन हेलांतून तीन देश उभे करावे लागतील. करण्यासारखं आहे.

भाषेवरचा विनोद दुसऱ्या भाषेत जात नाही, असं नेहमी म्हणतात. शब्दापुरतं ते खरंही आहे. पण ब्रिटिश मालिकांपैकी भारतात सगळ्यात सहज रुजली ती भाषेवरचीच. १९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘जबान संभाल के’ आली. राजीव मेहरा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत वर्ग हिंदीचा होता आणि मास्तर मोहन भारती झाले होते पंकज कपूर. लंडनच्या वर्गात सगळे परके होते. इथे टॉम आल्टर यांनी रंगवलेला इंग्रज लेखक एका बाकावर, आणि बाकीच्या बहुतेक बाकांवर आपल्याच देशातली, पण हिंदी न येणारी माणसं. मूळ मालिकेचा सांगाडा तसाच ठेवून त्यात इथला प्रश्न बसवला होता: एका देशातल्या माणसांना एकमेकांची भाषा शिकायला शिकवणीला जावं लागतं.

त्या वर्गात मराठी माणूसही होता. विठ्ठल बापूराव पोटे. ते काम केलं होतं विजू खोटे यांनी, ‘शोले’तल्या कालियाने. आणि मिस कोर्टनीच्या जागी, करड्या नजरेने वर्गात डोकावणाऱ्या मिस दीक्षित होत्या शुभा खोटे, विजू खोटे यांची सख्खी बहीण. शुभाताईंची मुलगी भावना बलसावर हीसुद्धा त्याच मालिकेत. म्हणजे मामा, आई आणि भाची असं एक मराठी घर लंडनहून आलेल्या साच्यात एकत्र उभं होतं.

या घराची पाळंमुळं खोल आहेत. शुभा आणि विजू यांचे वडील नंदू खोटे मूकपटांच्या काळातले नट. त्यांच्या भावजय म्हणजे दुर्गा खोटे. मराठी-हिंदी बोलपटाची ही थोर नायिका उतारवयात दूरचित्रवाणीसाठी निर्माती झाली, आणि १९८८ची ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांनी घडवलेला तो कारकून, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. शुभा खोटे तर पडद्यावर येण्याआधी सायकल शर्यतींतल्या विजेत्या होत्या. १९५५च्या ‘सीमा’पासून त्यांनी विनोदाची जी वेळ साधली, ती मिस दीक्षितच्या नुसत्या दारात उभं राहण्यातही दिसते. भारतीय विनोदी मालिकांचा इतिहास लिहिताना खोटे कुटुंबाला एक स्वतंत्र प्रकरण द्यायला हवं. अजून ते नीट कुणी दिलेलं नाही असं वाटतं.

‘माइंड युअर लँग्वेज’वर इंग्लंडात टीकाही झाली आणि ती रास्त होती. प्रत्येक देशाचा माणूस एकाच खोडीत कोंबलेला. शीख म्हणजे हजारदा माफी मागणारा, जर्मन म्हणजे कडक, फ्रेंच म्हणजे लाडिक. वाहिनीच्या वरिष्ठांनाही हे खटकलं आणि प्रेक्षक भरपूर असताना मालिका थांबवली गेली. १९८६ साली ती पुन्हा आली तेव्हा जुनी रंगत नव्हती. तरी भारत-पाकिस्तानातल्या लोकांनी तिला जीव लावला, हेही तितकंच खरं. त्याचं एक कारण पडद्यावरच आहे. अलीचं काम करणारे डिनो शफीक जन्माने ढाक्याचे, रणजीत झालेले आल्बर्ट मोझेस श्रीलंकेचे, जमिला मॅसी सिमल्याच्या. लिहिलेलं पात्र उथळ असलं तरी त्यात उभा असलेला माणूस आपल्याकडचा होता, आणि तो चुकत असताना त्याच्या डोळ्यांतली शिकण्याची धडपड खरी वाटत होती. परक्या भाषेत चुकल्यावर आतून जे लाजायला होतं, ते उर्दू कचेरीत अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या आजोबांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

भाषेच्या घोळाचं दुसरं टोक ‘येस मिनिस्टर’मध्ये आहे. तिथे सगळ्यांना उत्तम इंग्रजी येतं आणि तरी कुणाला काही कळू नये म्हणूनच ते वापरलं जातं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांची ही मालिका १९८०मध्ये बीबीसीवर सुरू झाली. मंत्री जिम हॅकर झाले पॉल एडिंग्टन, त्यांच्या खात्याचे सचिव सर हंफ्री झाले नायजेल हॉथॉर्न. मंत्र्याने साधा प्रश्न विचारावा आणि सचिवाने पोटवाक्यांची अशी आगगाडी सोडावी, की शेवटचा डबा येईपर्यंत प्रश्न कोणता होता हेच विसरायला व्हावं. मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका. १९८४मध्ये त्यांनी स्वतः या नटांबरोबर एक छोटा प्रवेशही केला.

त्यातला इस्पितळाचा भाग एकदा तरी बघावा असा आहे. नवंकोरं इस्पितळ, पाचशेच्या आसपास कर्मचारी, सगळे आपापल्या कामात गर्क, आणि पंधरा महिन्यांत रुग्ण एकही नाही. मंत्री हादरतो. सचिवाच्या मते मात्र कारभार उत्तम आहे, कारण कर्मचारी कामावर आहेत, स्वच्छता चोख आहे, कागद वेळेवर हलतायत. रुग्ण नसणं हा प्रश्न त्याला प्रश्नच वाटत नाही. लेखकांनी इथे कुणालाही लबाड ठरवलेलं नाही. सर हंफ्री जे बोलतात त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, म्हणून तो प्रसंग इतका झोंबतो. उद्घाटन झालेली पण डॉक्टर नसलेली इमारत ज्याने आपल्या तालुक्याच्या वाटेवर पाहिलीये, त्याला हा भाग भाषांतराशिवाय कळेल. २००१मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ म्हणून ही मालिका हिंदीत आली. फारूख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह, जयंत कृपलानी सचिव राजनाथ माथुर. रूपांतर मूळ संहितेला धरून चाललं होतं, आणि दिल्लीच्या सचिवालयात ते अंगाला बेतून शिवल्यासारखं बसलं.

मराठीचा स्वतःचा साचा याआधीच तयार होता. मुंबई दूरदर्शनवर १९७७ ते ७९च्या सुमारास ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ लागे. चिं. वि. जोशी यांचे हे मानसपुत्र १९४०च्या ‘लग्न पाहावं करून’मध्ये पडद्यावर येऊन गेले होते. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे २००१मध्ये याच प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ केली, आणि टिपऱ्यांच्या घरात महाराष्ट्र राहायला गेला. पण चिमणरावांच्या काळात मुंबईच्या प्रक्षेपणाची लाट मुंबई-पुण्यापलीकडे फारशी जात नव्हती. उमरीच्या वाट्याला ते चिमणराव पुस्तकातूनच आले.

आणि उमरीची बोली तर टीव्हीच्या वाट्याला फार क्वचित आली. गाजलेल्या बहुतेक मराठी विनोदी मालिकांची घरं मुंबई-पुण्यातली. मराठवाड्याची भाषा साऱ्या महाराष्ट्राला मनसोक्त ऐकवली ती नाटकाने, लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटाच रंगमंचावर उभा राहायचा आणि पन्नासहून अधिक माणसं उभी करायचा. नेपथ्य नाही, बदलायला कपडे नाहीत. लग्नासाठी विमानात बसून लंडनला निघालेलं खेडं त्यांनी नुसत्या आवाजाच्या चढउतारावर उडवलं.

त्या बोलीला अर्ध्या तासाची एक खोली मिळायला हवी, आणि ती उमरीकडे शोधावी लागणार नाही. मोंढ्यातलं अडतीचं दुकान घ्या. गादीवर मारवाडीमिश्रित मराठी बोलणारा अडत्या, वहीवर मान घालून दखनीत पुटपुटणारा मुनीम, मापं मोजताना आपल्याच सुरात आकडे ओढणारा मापाडी, पोती पाठीवर घेतलेले हमाल, आणि हद्दीपलीकडून सोयाबीन घेऊन आलेला, मराठी कळतं पण बोलता येत नाही असा तेलुगू शेतकरी. भाव पटेपर्यंत यांपैकी कुणालाच उठून जाता येत नाही. शेतकरी विचारतो, “एंता?” मुनीम आकडा सांगतो. मध्येच पोऱ्या चहा ओतायला लागतो आणि शेतकरी हात आडवा धरून म्हणतो, “चालु.”