फाट्यावर उतरलेली पार्सलं

गाव आत तीन-चार किलोमीटरवर असलं, तरी पत्त्यात आम्ही सगळे 'वारंगा फाटा' असंच लिहायचो. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा रस्ता आणि नागपूर-यवतमाळहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. रात्री दोन वाजताही इथे एखादी ट्रॅव्हल्स थांबलेली असते आणि खिचडीच्या हॉटेलात चूल पेटलेली असते. २०१४च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टने पहिला मोठा 'बिग बिलियन डे' सेल लावला, तेव्हा पेपरात पानभर जाहिरात होती. आमचा पिनकोड टाकला की मात्र 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही' असं यायचं. पुढच्या वर्षी ते बदललं. नांदेडहून निघालेला कुरिअरचा मुलगा फोन करायचा, "भाऊ, फाट्यावर या, आत येत नाही." मग मोटारसायकल काढायची, पैसे मोजून द्यायचे आणि पार्सल घ्यायचं. कॅश ऑन डिलिव्हरी नसती, तर आमच्या भागात कुणी एक वायरही मागवली नसती. वस्तू हातात आल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, असं आमचे आबा म्हणायचे. खोकं हातात आलं म्हणजे वस्तू हातात आली असं नव्हे, हे आम्हाला नंतर कळलं.

माझं पहिलं पार्सल डोक्याला बांधायच्या बॅटरीचं होतं. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. शेतीची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की अकराला मोटार चालू करून पहाटेपर्यंत दारं धरायची. हळदीच्या सऱ्यांत पान कमरेच्या वर गेलेलं असतं आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. घोणस आणि मण्यार दोन्ही आमच्या रानात आहेत. एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून वाफा फोडता येत नाही, म्हणून उजेड डोक्यावर हवा. २४९ रुपयांची ती बॅटरी मी सहज म्हणून घेतली नव्हती. आतल्या सेलवर ९८०० एमएएच छापलेलं होतं, म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप. पहिल्या रात्री ती पन्नास मिनिटांत मंद झाली आणि बाकीची रात्र मी मोबाईलचा उजेड दातात धरून काढली.

चार्जिंग नीट झालं नसेल असं वाटलं. दुसरी मागवली, तिचीही तीच गत. मग कुठेतरी वाचलं की या गोल सेलला १८६५० म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. एवढ्या जागेत जगातल्या चांगल्यात चांगल्या कारखान्यालाही साडेतीन हजार एमएएचच्या फार पुढे जाता येत नाही. म्हणजे ९८०० हा आकडा छापतानाच खोटा होता. चांगल्या सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम असतं, हेही तिथेच कळलं. आखाडा बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर मी माझे दोन्ही सेल ठेवले. एक २७ ग्रॅम भरला, दुसरा २९. सोनाराने विचारलं, "हे काय मोजायलास?" मी सांगितलं. त्याने स्वतःच्या दुकानातल्या बॅटरीचा सेल काढून काट्यावर ठेवला. तोही हलकाच निघाला.

तेव्हापासून वस्तू घ्यायची ती तपासण्यासाठीच, अशी सवय लागली. २०१७मध्ये चीनहून किती चार्ज बाहेर येतो ते मोजणारा युएसबी मीटर मागवला, काडेपेटीएवढा. तो यायला चाळीस दिवस लागले आणि पोस्टमनने आणून दिला. त्या वर्षी फाट्यावरच्या टपऱ्यांवर सगळीकडे पॉवर बँक लटकत होत्या, कारण २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं होतं आणि नेट मिळाल्यापासून मोबाईल दुपारीच झोपत होते. शाओमीची ९९९ रुपयांची १०४०० एमएएचची पॉवर बँक त्याआधीच नावाजली होती. तिच्या हुबेहूब नकला सगळीकडे झाल्या आणि ओळखीची पोरं त्या माझ्याकडे मोजायला आणू लागली.

यातही मी सुरुवातीला चुकलो. दहा हजारांच्या चांगल्या पॉवर बँकेतूनही मीटरवर सहा-साडेसहा हजारच यायचे आणि मी तिलाही खोटी ठरवायचो. हिशेब नंतर कळला. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो आणि मोबाईलला ५ व्होल्ट लागतात. दहा हजारांना ३.७ने गुणून ५ने भागलं की ७४०० राहतात आणि दाब वाढवताना काही उष्णतेत जातात. साडेसहा हजार म्हणजे इमानदार वस्तू. मी एका दुकानदाराला चारचौघांत चोर म्हटलं होतं. दोन महिन्यांनी जाऊन त्याची माफी मागितली आणि त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. नकली त्या, ज्यांतून मीटरवर बाराशे-पंधराशे आले. एकीचं वजन बरोबर होतं म्हणून उघडली, तर आत एकच सेल आणि वाळूची पुडी. वजन बघणारी माणसं असतात, हे बनवणाऱ्यालाही कळलं होतं.

सगळ्यात जास्त जीव दुखला तो मेमरी कार्डामुळे. २०१८मध्ये गावच्या सप्ताहाची सात दिवसांची कीर्तनं मी एका कार्डावर घेतली. कार्डावर ६४ जीबी छापलेलं, किंमत १८० रुपये. घरी येऊन लावलं, तर पहिल्या दिवसांची कीर्तनं नीट होती. पुढच्या दिवसांच्या फाइल नावाला दिसत होत्या, पण आत काहीच नव्हतं. त्या कार्डात जागा आठच जीबी होती. आतल्या चिपला 'मी ६४ आहे' असं सांगायला शिकवलेलं होतं. संगणक तिच्यावर विश्वास ठेवून लिहीत जातो आणि लिहिलेलं कुठेच उरत नाही. शेवटच्या दिवशी ज्या वृद्ध महाराजांनी काल्याचं कीर्तन केलं, ते पुढच्या वर्षी राहिले नाहीत. त्यांचा आवाज गावात कुणाकडेच नाही.

यावर उपाय फुकट होता. जर्मनीतल्या सी-टी या संगणक मासिकाच्या माणसांनी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम केलेला आहे. तो कार्ड पूर्ण भरतो, पुन्हा वाचतो आणि किती जागा खरी ते सांगतो. आता नवीन कार्ड आलं की ते त्याच्यातून गेल्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही.

कोरोनाच्या काळात वस्तूंचा नुसता लोंढा आला. शाळा मोबाईलवर भरली, आणि घरोघरी शंभर-दीडशेचे हेडफोन आणि मोबाईल स्टँड आले. त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही, दोन-तीन महिन्यांत एक कान बंद पडायचा. २०२०च्या जुलैत ग्राहकांसाठी ई-कॉमर्सचे नियम आले, विकणाऱ्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक झालं. पुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मी एकदा तक्रार नोंदवली आणि पैसे परत मिळाले. तक्रार मराठीत ऐकून घेतली, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे लोक भाषेला घाबरूनच गप्प बसतात.

गेल्या काही वर्षांत मात्र पार्सलात शेताच्या कुंपणाला लावायची झटका मशीन येतात आणि तिथे माझा हात आखडतो. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत हरभऱ्याचा चट्टामट्टा करतात, त्यामुळे मशीन लागतंच. पण झटका मशीन म्हणजे तारेत सलग वीज सोडणं नाही. त्यातून ठोके जातात, दोन ठोक्यांत निदान एक सेकंदाचं अंतर असतं आणि ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान असतो. एका ठोक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या आत ठेवायची, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या मोकळ्या अंतरातच चिकटलेला जीव सुटतो. हलक्या मशीनच्या खोक्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, फक्त 'पॉवरफुल' लिहिलेलं असतं. आणि मशीन बंद पडलं की कुणीतरी डोकं लढवून तार सरळ लाईनला जोडतं. त्यात माणसं मेली आहेत. बॅटरी खोटी निघाली तर रात्र अंधारात जाते, पण इथे शेजारचा गडी जातो. म्हणून स्वस्त झटका मशीन मोजून द्यायला मी साफ नकार देतो. ठोक्यांची माहिती लिहिलेलं, बिलाचं आणि वॉरंटीचं घ्या, मग किंमत दुप्पट असली तरी चालेल, असं सांगतो. काहीजण रागावून जातात.

सोनाराचा काटा आता लागत नाही. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा मीही ऑनलाईनच मागवला, आणि आल्याबरोबर तो आधी बाळापूरच्या सोनाराकडे नेऊन ताडून घेतला. बरोबर निघाला.

अडलंय ते एकाच ठिकाणी. बाद झालेले सेल कुठे द्यायचे? २०२२च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण ज्याचं नावच खोटं, त्या कारखान्याला कुठे शोधायचं? भंगारवाला लोखंड-प्लास्टिक नेतो, सेल परत देतो. उकिरड्यावर टाकावेत, तर तेच खत शेतात जातं. घरात ठेवावेत, तर फुगलेला सेल कधी पेटेल याचा भरवसा नाही. गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, निंबाखाली पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात कोरडी वाळू. प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी तो वाळूत उभा पुरतो. परवा मोजले, एकेचाळीस झालेत. पावसाळा येतोय, डब्याचं झाकण गंजलंय, ते या आठवड्यात बदलायचं आहे.