मांजराच्या पिल्लाला वळण लावा

माळ्यावर मांजर व्याली की त्यातले एखादे पिल्लू घरातली मुले ‘आपले’ म्हणून ठरवून टाकतात. मग आठवड्याभरात मुलांच्या हातांवर ओरखडे दिसू लागतात आणि ‘खेळताना लागले असेल’ म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. हे धोक्याचे आहे. रेबीज केवळ कुत्र्यापासून होतो असे नाही. मांजराच्या चाव्यातून व ओरखड्यातूनही तो होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून पिल्लाला वळण लावणे हा नुसता हौसेचा विषय नव्हे.

पिल्लू निदान ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. खेळताना किती जोराने चावावे, हे ते आई व भावंडांकडूनच शिकते. त्याच्यापुढे बोटे नाचवून खेळू नये; हात म्हणजे शिकार, असा त्याचा समज होतो. त्याऐवजी कापडी चेंडू द्यावा. चावल्यास हात न हिसकता खेळ तिथेच थांबवावा. मारू नये. भ्यालेले मांजर अधिक बोचकारते. नख्या घासणे ही त्याची गरज आहे. त्यासाठी गोणपाट गुंडाळलेला ओंडका कोपऱ्यात ठेवावा.

शौचासाठी जुन्या घमेल्यात तीन-चार बोटे वाळू भरून ते स्वयंपाकघरापासून दूर, निवांत जागी ठेवावे. खाल्ल्यावर व झोपेतून उठल्यावर पिल्लाला त्यात सोडावे. उकरून विष्ठा झाकणे हा त्याचा उपजत गुण असल्याने बहुतेक पिल्ले लवकर शिकतात. दुसरीकडे घाण केल्यास जागा साबणाने धुवावी. वास राहिला की ते पुन्हा तेथेच जाते. फिनेल मात्र वापरू नये, ते मांजराला विषारी आहे.

वाळूतील विष्ठा रोज काढावी व हात साबणाने धुवावेत. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा नावाचे परजीवी असू शकतात. बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी ते संसर्गक्षम होतात. पोटातील बाळाला त्यांच्यापासून अपाय होऊ शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

पिल्लू ३ महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचावी.

एवढे करूनही दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोटात १४ इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात देतात आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

पिल्लाला घराबाहेर काढतील या भीतीने मुले ओरखडे लपवतात. म्हणून ‘लागले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ हे त्यांना आजच सांगून ठेवा. पिल्लाइतकीच ही सवय मुलांनाही लागली पाहिजे.